सुरू केलेलं काम संपत का नाही? उघड्या कामांचं साधं गणित

समजा तुमच्यापुढे तीन कामं आहेत. प्रत्येकाला दहा दिवस लागणार आणि प्रत्येक काम देणारा माणूस वेगळा. तिघांनाही वाटतं की आपलं काम लगेच सुरू व्हावं. कुणाचं मन मोडायला नको म्हणून तुम्ही तिन्ही एकदम हाती घेता. आज पहिलं, उद्या दुसरं, परवा तिसरं, मग पुन्हा पहिलं. अशाने पहिलं काम कधी संपेल? २८व्या दिवशी. दुसरं २९व्या आणि तिसरं ३०व्या दिवशी.

आता हीच कामं एकामागून एक करून पाहा. पहिलं १०व्या दिवशी हातावेगळं होतं, दुसरं २०व्या आणि तिसरं ३०व्या.

तिसऱ्या माणसाला दोन्ही वेळा ३०व्या दिवशीच काम मिळालं, म्हणजे त्याचं काही बिघडलं नाही. दुसऱ्याला मात्र नऊ दिवस आधी मिळालं आणि पहिल्याला तब्बल अठरा दिवस आधी. सरासरी २९ दिवसांवरून २० वर आली. तुम्ही एक तासही जादा राबला नाहीत, पहाटे उठला नाहीत, वेगही वाढवला नाही. फक्त कामांचा क्रम बदलला.

हे गणित मला पहिल्यांदा कुणी मांडून दाखवलं तेव्हा मी ते दोनदा तपासून पाहिलं होतं. तोवर माझी समजूत अशी की सगळी कामं थोडी थोडी पुढे सरकवत राहणं हीच प्रामाणिक माणसाची रीत. ‘तुमचं काम सुरू केलंय’ असं प्रत्येकाला सांगता येतं, समोरच्याचंही समाधान होतं. पण समोरच्याला हवं असतं ते संपलेलं काम. आपण त्याला अर्धं लिहिलेला अहवाल आणि ‘चालू आहे’ एवढा निरोप देत राहतो.

कामाच्या सवयींवर बोलणं निघालं की शिस्त, इच्छाशक्ती, पहाटेचं वेळापत्रक या गोष्टी आधी येतात. मला त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायची आहे: या क्षणी तुमची किती कामं उघडी आहेत, ते मोजा. उघडं म्हणजे सुरू झालेलं, न संपलेलं आणि डोक्याच्या एका कोपऱ्यात जागा अडवून बसलेलं. बऱ्याच जणांचा आकडा वीसच्या पुढे जातो. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असं आपण सहज म्हणून जातो, पण त्या चिंध्या आपल्या दिवसाचं नेमकं काय करतात हे समजून घेण्यासारखं आहे.

कामावरून कामावर जाताना काय होतं

वरच्या गणितात एक गोष्ट आपण गृहीत धरली होती. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना काहीच वाया जात नाही, असं. प्रत्यक्षात जातं. एक छोटा प्रयोग करा, पाच मिनिटांचा आहे. कागदावर १ ते २० आकडे सलग लिहा, त्याखाली ‘क’ ते ‘न’ ही वीस अक्षरं सलग लिहा आणि एकूण किती वेळ लागला ते घड्याळात पाहा. मग तेच चाळीस अंक-अक्षर आलटून पालटून लिहा: १, क, २, ख, ३, ग. साताआठाच्या पुढे गेलात की हात थबकायला लागतो. बारानंतर कोणतं अक्षर? ठ की ड? क्षणभर मनात मागे जाऊन मोजावं लागतं. आकडे तुम्हाला पाठ आहेत, अक्षरंही पाठ आहेत, तरी वेळ वाढतो आणि एखादी चूकही होते. जास्तीचा वेळ खाल्ला तो केवळ अदलाबदलीने.

मानसशास्त्रात याची मोजमापं जुनी आहेत. आर्थर जेरसिल्ड यांनी १९२७ साली एकच प्रकारचं काम सलग करणं आणि दोन प्रकारची कामं आलटून पालटून करणं यांतला वेळेचा फरक मोजला होता. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल या संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. काम बदलणार आहे हे आधीपासून माहीत असलं, तयारीला वेळही दिला, तरी बदलानंतरच्या पहिल्या कृतीत थोडी मंदी राहतेच. म्हणजे ‘मला सवय आहे, मी पटकन वळतो’ ही समजूत पूर्ण खरी नाही. वळण्याची किंमत कमी करता येते, शून्यावर आणता येत नाही.

कारण काय? हातातल्या कामापुरती माहिती आपण ज्या ठिकाणी धरून ठेवतो, ती जागा फार लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ‘सात, अधिक-उणे दोन’ हा आकडा प्रसिद्ध केला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि तो आकडा चारच्या आसपास आणला. चार गोष्टी! एखाद्या तक्त्यातली बेरीज जुळवताना मूळ आकडा, सुधारलेला आकडा, त्यांतला फरक आणि तो फरक कुठून आला असावा याचा अंदाज एवढ्यानेच ती जागा भरून जाते. अशात कुणी दारातून डोकावून विचारतं, ‘त्या दुसऱ्या फाइलचं काय झालं?’ उत्तर द्यायला त्या फाइलची माहिती डोक्यात आणावी लागते. ती आत येते तेव्हा आधीच्या चारांतलं काहीतरी बाहेर सांडतं. प्रश्न विचारणारा अर्ध्या मिनिटात निघून जातो. सांडलेलं गोळा करत तुम्ही मात्र बसून राहता.

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलेल्या माणसाचं सगळं लक्ष दुसऱ्या कामावर येतच नाही, काही भाग मागेच रेंगाळतो. पाणी ओतून दिल्यावर भांड्याच्या तळाशी गाळ उरावा तसा मागच्या कामाचा गाळ मनात उरतो आणि पुढचं काम त्या प्रमाणात बिघडतं. पहिलं काम ठरलेल्या वेळेच्या आत पुरं करून उठलेल्यांच्या बाबतीत हा गाळ कमी होता. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार आपण नेहमी समोरच्या कामाच्या नावाने करतो. काम कंटाळवाणं आहे, विषय अवघड आहे, आज मूड नाही. खरं तर कित्येकदा लक्ष मागच्या कामात अडकलेलं असतं.

इथे एका बहुचर्चित आकड्याबद्दल सांगायलाच हवं. ‘एकदा व्यत्यय आला की लक्ष परत यायला २३ मिनिटं लागतात’ असं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसात बसून, लोकांच्या मागे फिरून, मिनिटामिनिटाची नोंद ठेवली, त्या कामातून ते आलं. पण त्यांनी मोजलेली गोष्ट निराळी होती. अडलेल्या कामाकडे माणूस परत येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि मधल्या वेळात तो इतर दोनेक कामं करून येतो, असं त्यांना आढळलं. मेंदू २३ मिनिटं बधिर होऊन बसतो असा त्याचा अर्थ नाही. व्यत्ययाची खरी किंमत अशी की एक काम सोडलं की मध्ये दुसरं येतं, दुसऱ्यातून तिसरं निघतं आणि पहिलं तसंच उघडं राहतं. त्याच गटाच्या २००८च्या प्रयोगात तर व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट भराभर संपवलं. पण ताण, चिडचिड आणि घाई त्यांच्यात जास्त नोंदली गेली. संध्याकाळी ‘दिवसभर राबलो, पण केलं काय?’ असं वाटून अंग दुखतं, त्याचं कारण बहुधा इथे आहे.

संगणकाचंही हेच होतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचं नीट विश्लेषण केलं. मेमरीत मावणार नाहीत इतके प्रोग्रॅम एकाच वेळी चालू केले की संगणक आधी थोडा मंदावतो आणि मग अचानक जवळपास ठप्प होतो. बाहेरून पाहिलं तर तो धडपडत असतो, डिस्क सारखी फिरत असते. पण त्याचा सगळा वेळ एका प्रोग्रॅमची माहिती बाहेर काढण्यात आणि दुसऱ्याची आत आणण्यात चाललेला असतो. खऱ्या कामाला वेळच उरत नाही. तिथे अधिक वेगवान प्रोसेसर बसवून फरक पडत नाही. काही प्रोग्रॅम बंद केले की तोच संगणक पुन्हा पळायला लागतो.

चिठ्ठी

कुणी म्हणेल, आम्हाला एक काम संपेपर्यंत दुसऱ्याला हात न लावण्याची चैन कुठली? फोन येतात, साहेब बोलावतात, मुलांना वेळेवर आणायला जायचं असतं. बरोबर आहे. काम मध्येच सोडावं लागणारच. म्हणून ते कसं सोडायचं, हे शिकून घेण्यासारखं आहे.

१९२७ साली ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करताना असं मांडलं की अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या प्रयोगांत हा आठवणीचा भाग दर वेळी सिद्ध झाला नाही, त्यामुळे तो जपूनच सांगायला हवा. पण तिच्याच बरोबरच्या मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलेली गोष्ट जास्त पक्की ठरली. अर्धवट सोडलेल्या कामाकडे माणूस आपणहून परत वळतो, कुणी सांगितलं नाही तरी. अपुरं काम मनाला ओढत राहतं, ते असं. जेवताना, अंथरुणावर पडल्यावर, दुसऱ्याच मीटिंगमध्ये बसलेलो असताना.

ही ओढ थांबवायला काम पुरं करणं हाच उपाय असता तर आपलं कठीण होतं. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांनी २०११ मध्ये दिलासा देणारी गोष्ट दाखवली. अपुऱ्या कामाबद्दल ‘कधी, कुठे, कसं करणार’ याची नेमकी योजना लिहून काढली तर ते काम डोक्यात घोंघावायचं थांबतं, प्रत्यक्षात ते तसूभरही पुढे सरकलेलं नसलं तरी. मनाला बहुतेक एवढीच खात्री हवी असते की हे कुठेतरी नोंदलेलं आहे, हरवणार नाही. लेरॉय आणि टेरेसा ग्लॉम यांनी २०१८ मध्ये तोच उपाय व्यत्ययाच्या क्षणाला लावून पाहिला. उठण्याआधी मिनिटभर थांबून ‘कुठे आलो होतो आणि परत आल्यावर पहिलं काय करणार’ एवढं लिहिलं, तर मागे रेंगाळणारं लक्ष कमी होतं.

मी गेली काही वर्षं हे करतो, आणि कामाच्या सगळ्या सवयींतली एकच ठेवायची असं कुणी म्हणालं तर मी हीच ठेवीन. माझ्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचे तळहाताएवढे तुकडे असतात. उठायची वेळ आली की मी त्यांतल्या एकावर दोन ओळी लिहितो. परवाची चिठ्ठी अशी होती: ‘तक्ता ३ ची बेरीज ४० ने कमी. शेवटच्या दोन ओळी दोनदा वजा झाल्यात का, ते मूळ यादीत पाहणे.’ दुसऱ्या दिवशी टेबलाशी आलो, चिठ्ठी वाचली, मूळ यादी उघडली. बसण्यापासून काम सुरू होण्यापर्यंत दोन मिनिटंही गेली नाहीत. चिठ्ठी नसती तर मी तक्ता पहिल्यापासून वाचला असता, काल कळलेली चूक आज पुन्हा शोधली असती, आणि त्या कंटाळ्यात आधी ईमेल उघडला असता.

चिठ्ठी कशी लिहावी याबद्दल एक बारकावा आहे. ‘अहवाल पुढे लिहिणे’ असं लिहून काही उपयोग नाही. ते विषयाचं नाव झालं. चिठ्ठीवर कृती हवी, तीही हाताने करता येईल इतकी लहान: अमुक फाइल उघडणे, तमक्याला फोन करून तारीख विचारणे, दुसऱ्या परिच्छेदातलं उदाहरण बदलणे. आणि शक्य असेल तर थांबावं तेही पुढचं पाऊल स्पष्ट दिसत असताना. पार अडकल्यावर उठलं की परत बसायची भीती वाटते. पुढची ओळ माहीत असताना उठलं की परत यायची ओढ वाटते.

मग आपण इतकी कामं घेतो तरी का?

भिडेखातर घेतो, हे एक. दुसरं कारण असं की हो म्हणताना आपला अंदाज मनापासून चुकलेला असतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, मराठीत आपण त्याला नियोजनाचा भ्रम म्हणू. १९९४ साली ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. ‘आणि सगळंच वाईट घडत गेलं तर?’ या प्रश्नाला सरासरी उत्तर होतं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही सरासरीत कमीच पडला. मोठमोठ्या संस्थांचंही असंच होतं. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत पुरं व्हायचं होतं. ते खुलं झालं १९७३ मध्ये आणि खर्च आला १० कोटी २० लाख.

अंदाज चुकतो कारण आपण समोरच्या कामाची गोष्ट मनात रंगवतो: सोमवारी वाचन, मंगळवारी मांडणी, बुधवारी लेखन. या गोष्टीत ताप येत नाही, वीज जात नाही, कुणी माहिती द्यायला उशीर लावत नाही. त्यापेक्षा मागच्या खेपेला असंच काम किती दिवसांत झालं होतं, एवढंच पाहावं. मागचे तीन अहवाल नऊ, अकरा आणि बारा दिवसांत झाले असतील तर चौथा पाच दिवसांत होईल असं मानायला काहीही आधार नाही, तुम्ही या वेळी कितीही जोशात असलात तरी. यासाठी फार काही लागत नाही. काम सुरू केल्याची तारीख आणि संपल्याची तारीख वहीत टिपून ठेवायची. सहा महिन्यांत ती वही तुम्हाला तुमच्याबद्दल जे सांगेल ते कुठलीही प्रेरणादायी भाषणं सांगू शकणार नाहीत.

याच वहीतून आणखी एक हिशेब निघतो. रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे. सोप्या शब्दांत तो असा: जितकी कामं येतात साधारण तितकीच संपत असतील, तर एका कामाला सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरासरी लागणारा वेळ म्हणजे उघड्या कामांची संख्या भागिले दर आठवड्याला संपणारी कामं. तुम्ही आठवड्याला तीन कामं संपवता आणि पंधरा उघडी आहेत, तर प्रत्येक काम सरासरी पाच आठवडे तुमच्याकडे पडून राहणार. उघडी सहाच ठेवलीत तर दोन आठवडे. वेग तोच, आठवड्याला तीन. तरी लोक म्हणायला लागतात, ‘तुमच्याकडे दिलं की लवकर होतं.’

बाकीची नऊ कामं जातात कुठे? ती यादीत थांबतात, न सुरू केलेली. थांबलेलं काम आणि उघडं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थांबलेल्या कामाचं ओझं कागदावर असतं, उघड्याचं डोक्यावर. मी स्वतः एका वेळी दोनच कामं उघडी ठेवतो. एक जड, डोकं लागणारं. दुसरं हलकं, पहिलं कुणाच्या उत्तरासाठी अडलं की हातात घ्यायला. दोन हा आकडा काही शास्त्रात लिहिलेला नाही. तुमच्या कामात सारखी कुणाची तरी वाट पाहावी लागत असेल तर तीन-चार योग्य ठरतील. पण आकडा ठरलेला हवा, आणि एक संपल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही एवढं पथ्य हवं.

यादीतून आधी कोणतं उचलायचं, यालाही जुनी उत्तरं आहेत. सरासरी वाट कमी करायची तर लहान काम आधी. एक दिवसाचं आणि नऊ दिवसांचं अशी दोन कामं असतील, तर लहान आधी केल्यास ती पहिल्या आणि दहाव्या दिवशी संपतात, मोठं आधी केल्यास नवव्या आणि दहाव्या. मुदती ठरलेल्या असतील तर ज्याची मुदत जवळ ते आधी, म्हणजे सगळ्यात मोठा उशीर शक्य तितका लहान राहतो. फक्त ‘लहान आधी’ या नियमात एक धोका आहे. लहान कामं रोजच येत राहतात, आणि ज्यावर खरोखर आयुष्य अवलंबून आहे ते मोठं काम रांगेच्या टोकाला उपाशी बसतं. म्हणून त्या कामाला दिवसाचा एक ठरावीक तुकडा राखून द्यावा, बहुतेकांच्या बाबतीत सकाळचा, आणि त्या तुकड्यात लहान कामांना दार बंद असावं.

साहेबांना नाही म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे. पण विचारता येतं. ‘माझ्याकडे आत्ता ही दोन कामं चालू आहेत. हे तिसरं त्यांच्या आधी घेऊ की नंतर? आधी घेतलं तर पहिलं या शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी मिळेल.’ असं तारखांसकट विचारलं की बहुतेक वेळा समोरचा माणूस विचार करून उत्तर देतो. आपल्या टेबलावर किती कामं उघडी पडली आहेत हे त्याला दिसतच नव्हतं.

सुरुवात होत नाही तेव्हा

काम एकच आहे, वेळ आहे, तरी हात धजत नाही. याला आपण आळस म्हणतो आणि स्वतःला दोन शब्द सुनावतो. फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांची मांडणी वेगळी आहे. चालढकल ही वेळेच्या हिशेबाची अडचण नसून भावनांची आहे. त्या कामाबरोबर भीती, कंटाळा किंवा ‘आपल्याला जमणार नाही’ ही शंका येते, आणि काम टाळलं की ती तेवढ्यापुरती शमते. लगेच बरं वाटतं, म्हणून टाळण्याची सवय लागते. स्वतःला रागावल्याने वाईट वाटण्यात भरच पडते आणि टाळायला आणखी एक कारण मिळतं.

उपाय कामाच्या आकारात आहे. भीती ‘अहवाल’ या शब्दाला वाटते, ‘मूळ यादी उघडणे’ याला वाटत नाही. त्याला जोडून पीटर गॉलवित्झर यांची युक्ती वापरावी: ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच ठरवायचं. ‘उद्या लिहायला बसेन’ असं न म्हणता ‘चहाचा कप खाली ठेवला की फाइल उघडीन’ असं. २००६ मध्ये गॉलवित्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा या पद्धतीचा परिणाम स्पष्टपणे मोठा दिसला. निर्णय आधीच झालेला असतो, त्या क्षणी मनाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. वेळेची भीती वाटत असेल तर फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची २५ मिनिटांची पद्धतही चांगली: टायमर लावायचा आणि तो वाजेपर्यंत एकच काम करायचं. विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून त्यांनी ती सुरू केली, म्हणून तिला टोमॅटोचं इटालियन नाव मिळालं, ‘पोमोदोरो’. पंचवीस मिनिटं कुणालाही झेपतात.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, हे मात्र मनातून काढून टाका. १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात असं निरीक्षण लिहिलं होतं, त्याचा पुढे नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि अंदाजांची व्याप्ती १८ ते २५४ दिवस. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही असंही दिसलं. बाविसाव्या दिवशी सगळं सोडून देणाऱ्या कित्येकांना हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

झोप कमी करून वेळ काढण्याचा मोह होतो, त्याबद्दल एवढंच. २००३ मध्ये हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिलं. शेवटी त्यांची सावधानता एखाद-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. आणि त्यांना स्वतःला मात्र आपण ठीकच आहोत असं वाटत होतं.

आजपासून काही करून पाहायचं असेल तर नवी यादी करू नका. उघड्या कामांसमोर बसा आणि एकेकाला विचारा: तू आत्ता चालू आहेस की थांबला आहेस? थांबलेल्यांना तुमची चिठ्ठी जोडून फाइलमध्ये घाला. काही कामं कधीच करायची नाहीत हे त्या वेळी लक्षात येईल. ज्यांना शब्द दिला होता त्यांना तसं कळवून टाका. पहिला फोन जड जातो, पुढचे सोपे जातात.

हा लेख मी काल संध्याकाळी झोपेच्या परिच्छेदाशी थांबवला होता. टेबलावर चिठ्ठी होती: ‘सहा तासांचा प्रयोग, तीन-चार वाक्यांत. मग उघडी कामं मिटवण्याबद्दल लिहिणे.’ दुसरं उघडं काम तक्ता ३ चं, ते अजून संपलेलं नाही. ते आता घेतो.